एका घरातले दोन लेखक

मंडळी, लेखक कुठे राहतात असं आपल्या वयाच्या कुणालाही विचारा. पुण्यात, फार तर मुंबईत, असंच उत्तर येतं. आपल्या माधव नगरात बँकवाले, मास्तर, रेल्वेवाले राहतात आणि त्यांची आमच्यासारखी बी.ई. झालेली मुलं बंगळुरूला जातात. इथे कोण काय लिहिणार?

पण याच उज्जैनात एका मराठी पोलीस इन्स्पेक्टरच्या घरात दोन लेखक वाढले. थोरले गजानन माधव मुक्तिबोध, जन्म १९१७. हे १९३० साली इथेच मिडलच्या परीक्षेत नापास झाले होते. (मुलांनो, ही ओळ आईबाबांना जरूर दाखवा.) पुढे शुजालपूरला मास्तरकी, मग उज्जैन, जबलपूर, नागपूर आणि शेवटी राजनांदगावचं कॉलेज. पगार कमी, बिऱ्हाड मोठं. ती सगळी ओढाताण त्यांच्या लिखाणात उतरली. ‘काठ का सपना’ ही त्यांची कथा वाचा. त्यात एका लहान मुलीचे आईबाप आहेत, घरातली चणचण आहे आणि दोघांमधलं न बोललेलं बरंच काही आहे. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला कवितासंग्रह १९६४ मध्ये निघाला, पण तो हातात घ्यायला ते राहिले नाहीत.

धाकटे शरच्चंद्र मात्र मराठीत लिहीत राहिले. त्यांच्या एका कादंबरीचं नावच ‘क्षिप्रा’ आहे, आणि समीक्षेच्या पुस्तकासाठी त्यांना १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घर एकच, घरची भाषा मराठी, तरी एकाने हिंदी धरली आणि दुसऱ्याने मराठी. १९४३ च्या ‘तार सप्तक’मधल्या सात हिंदी कवींपैकी दोघे, मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे, मराठी घरांतले होते. मला याचा अभिमान वाटतो आणि थोडी धास्तीही वाटते. हिंदीकडे वळलेल्या घरातलं पुढचं पान मराठीत कोण लिहिणार?

आमच्याकडे सध्या ते आत्या लिहिते आहे. वय सत्तरच्या पुढे. जुन्या डायऱ्यांच्या कोऱ्या पानांवर लिहिते आणि मी रविवारी टाईप करतो. १९९२ च्या सिंहस्थात महाराष्ट्रातून चौदा पाहुणे दोन खोल्यांत येऊन राहिले, नळ एक दिवसाआड. शिधा भरायला आजोबांनी सायकल विकली आणि पाहुण्यांना सांगितलं, चोरीला गेली. पाहुणे बिचारे दोन दिवस गल्लोगल्ली ती सायकल शोधत होते! हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आजीलाही नाही.

आत्याची मराठी आपली माळव्याची. ‘पाऊस येऊन राहिला होता’, ‘कपडे सुखवायला टाकले’. पुण्याची वहिनी म्हणाली, छापायचं असेल तर शुद्ध करून घ्या. मी एक परिच्छेद तसा करून आत्याला वाचून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, “छान आहे रे. कोणाच्या घरचं आहे?”

तेव्हापासून मी फक्त टाईप करतो. वही आता २००४ च्या सिंहस्थापर्यंत आली आहे. त्या साली मी शाळेत होतो आणि घरात काय काय विकलं गेलं ते मला अजून माहीत नाही. आत्या म्हणते, पुढच्या रविवारी ये, पण तुझ्या बाबाला आणू नकोस.