सवलतींची शर्यत आणि कसबाची पुंजी

कारखाना आपल्याकडे आला पाहिजे, यासाठी आज प्रत्येक राज्य सरकारची धडपड चालू आहे. त्यासाठी स्वस्त जमीन, करमाफी आणि वीजदरात सूट अशा पायघड्या घातल्या जातात, आणि शेवटचा नजराणा म्हणून कामगार कायदे सैल केले जातात. या सर्वांना ‘स्पर्धाक्षमता’ असे भारदस्त नाव आहे. आमचा स्पर्धेला विरोध नाही. ती कोणाच्या जिवावर आणि कशाच्या बळावर करायची, एवढाच आमचा प्रश्न आहे. कारण या शर्यतीत एका राज्यातील कामगार दुसऱ्या राज्यातील कामगारासमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभा केला जातो.

उदाहरण जुने नाही. २००३ साली केंद्र सरकारने हिमाचल प्रदेश आणि तेव्हाचे उत्तरांचल या राज्यांसाठी औद्योगिक सवलतींची योजना आणली. नव्या कारखान्यांना दहा वर्षे अबकारी कर माफ झाला आणि पहिली पाच वर्षे आयकरही माफ झाला. बद्दी, पंतनगर, हरिद्वार येथे कारखाने उभे राहिले. डोंगराळ भागातील तरुणांना काम मिळाले, हे आम्ही नाकारत नाही. मात्र आपले उद्योग ओढून नेले जात आहेत, अशी तक्रार शेजारच्या पंजाबातून होत राहिली. पुढे २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि अबकारी माफीचा पायाच नाहीसा झाला. उरलेल्या मुदतीसाठी केंद्राला तिजोरीतून पैसे परत देण्याची वेगळी व्यवस्था करावी लागली. सवलत सरकारी कागदाने येते आणि सरकारी कागदानेच जाते. तिच्या आधाराने आलेला मालक उद्या अधिक सवलत देणाऱ्या राज्याकडे पाहू लागला, तर त्यात आश्चर्य ते काय?

याच्या उलट कोइमतूरकडे पाहावे. तेथे पहिली कापड गिरणी १८८८ साली निघाली. १९३०च्या दशकात पायकारा प्रकल्पाची जलविद्युत आली आणि गिरण्या वाढल्या. विहिरींवर पंप बसू लागले. गिरण्यांची यंत्रे आणि शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करता करता तेथील कारागीर यंत्रे, मोटारी आणि पंप स्वतः बनवू लागले. १९५१ मध्ये पी.एस.जी. अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९५६ मध्ये गिरण्यांच्या पुढाकाराने आणि सरकारच्या साह्याने वस्त्रोद्योग संशोधन संस्था उभी राहिली. वीज, शिक्षण, संशोधन आणि कारागिराचा हात एकाच ठिकाणी जुळला. ही पुंजी कोणी ट्रकमध्ये भरून दुसऱ्या राज्यात नेऊ शकत नाही.

अर्थात कोइमतूर म्हणजे स्वर्ग नव्हे. पश्चिम तमिळनाडूच्या याच पट्ट्यातील सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ योजनेच्या नावाखाली लग्नाच्या खर्चाचे आमिष दाखवून तरुण मुलींना तुटपुंज्या मोबदल्यात राबवून घेतले गेले. कसब आपोआप न्याय देत नाही. त्यासाठी संघटना लागते.

परंतु धोरण उलट्या दिशेने चालले आहे. २०२० मध्ये गुजरात सरकारने बारा तासांची पाळी आणि जादा कामाला दुप्पट वेतन नाही, असा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द केला. २०२३ मध्ये तमिळनाडू विधानसभेने बारा तासांच्या पाळीची वाट मोकळी करणारे विधेयक मंजूर केले. कामगार संघटना एकजुटीने उभ्या राहिल्या आणि मे दिनी ते मागे घेतल्याची घोषणा झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र चारही श्रमसंहिता लागू करण्यात आल्या. सरकारी परवानगीशिवाय कामगार कपात करण्याची जी मर्यादा पूर्वी १०० कामगारांपेक्षा लहान कारखान्यांपुरती होती, ती आता ३००वर नेण्यात आली आहे.

संशोधनाची स्थिती काय आहे? २०२०-२१ मध्ये देशाने त्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के खर्च केला, आणि त्यातही खाजगी उद्योगांचा वाटा निम्म्याहून कमी होता. संशोधनाला पैसा नाही आणि कामाचे तास मात्र बारा! अशाने माल क्षणभर स्वस्त होईल, नवा माल निर्माण होणार नाही. यंत्र कुठे अडते आणि कच्चा माल कुठे वाया जातो, हे त्या यंत्रावर दहा वर्षे उभ्या असलेल्या कामगाराला कळते. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेला मुलगा ते शिकण्याआधीच बाहेर काढला जातो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सार्वजनिक पैशातून सवलत घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यावर कायम नोकऱ्यांची आणि प्रशिक्षणाची अट असावी. ती मोडल्यास सवलत व्याजासह वसूल करावी. प्रत्येक औद्योगिक पट्ट्यात लहान उद्योगांना परवडणारी सरकारी चाचणी प्रयोगशाळा आणि टूल रूम असावी. आयटीआयच्या कारभारात कामगार संघटनांना स्थान मिळावे. शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्त मजूर, ही पद्धत बंद व्हावी. व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे कलम ४३-अ १९७६ साली घटनेत आले. ते कारखान्यात उतरले पाहिजे. आणि कोणत्याही राज्याला ज्याच्या खाली उतरता येणार नाही, असे जगण्यापुरते राष्ट्रीय किमान वेतन ठरले पाहिजे.

हे शेवटचे काम कोणतेही एक राज्य करणार नाही. कारण पहिले पाऊल टाकणाऱ्याला उद्योग जाण्याची धमकी मिळते. ते देशव्यापी संघटनेचेच काम आहे. बद्दीचा कामगार आणि लुधियानाचा कामगार एकमेकांचे वैरी नाहीत. दोघांनी एकच मागणीपत्र हाती घेतले, तर मालकाला पळून जायला स्वस्त जागा उरणार नाही. मग त्याला स्पर्धा कसबावरच करावी लागेल.