चाक आधी कोणाच्या ओझ्याखाली?

गेल्या जून महिन्यात मी वसतिगृहात राहायला आलो, तेव्हा आत्येभावाची चाके असलेली बॅग मागून आणली होती. आमच्या घरात तशी बॅग नव्हती. कधी लागलीच नव्हती. पोहोचवायला वडील आले होते. एस.टी.तून उतरल्यावर मी मोठ्या ऐटीत बॅगेचा दांडा वर ओढला, तोच अण्णांनी ती उचलून खांद्यावर टाकली. मला संकोच वाटला. आजूबाजूला कॉलेजचीच मुले होती. मी हळूच म्हणालो, "अण्णा, चाकं हायती तिला." ते म्हणाले, "दिसत्यात की मला. पण हितली खडी बघ. चार पावलांत अडकंल."

त्यांचे खरे होते. स्टँडपासून रस्त्यापर्यंत खडी पसरलेली होती आणि बॅगेची चाके जेमतेम लिंबाएवढी. चाक जितके लहान, तितका लहानसा खडाही त्याला डोंगर होतो. मला हे तेव्हा कळले; अण्णांना ते आधीपासून ठाऊक होते, कारण ते बाजार समितीच्या आवारात हमाल आहेत. त्या दिवसापासून चाक आणि ओझे या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून गेलेल्या नाहीत. वार्षिकाच्या निमित्ताने ते विचार वाचकांपुढे मांडतो.

बॅगेला चाके लावणे ही आपल्याला किती साधी गोष्ट वाटते! पण अशी बॅग दुकानात येऊन पुरती साठ वर्षेही झालेली नाहीत. १९७० साली बर्नार्ड सॅडो नावाचे अमेरिकन गृहस्थ अरुबा बेटावर सुट्टी घालवून सहकुटुंब परत चालले होते. ते बॅगा बनवणाऱ्या एका कंपनीचे उपाध्यक्ष होते. दोन जड बॅगा वागवताना त्यांना दिसले की, एक कामगार चाकांच्या फळीवरून एक अवजड यंत्र सहज ढकलत नेत आहे. त्यावरून त्यांना कल्पना सुचली. त्यांनी मोठ्या बॅगेला चार चाके बसवली आणि ओढायला पट्टा लावला. दुकानदारांनी आधी ती नाकारली. पुढे मेसीज या मोठ्या दुकानाने ती विकायला घेतली आणि १९७२ साली सॅडो यांना पेटंट मिळाले. आज आपण वापरतो तसली उभी, दोन चाकांची, वर ओढायच्या दांड्याची बॅग रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने १९८७ साली तयार केली.

या हकिगतीत मला एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. त्या विमानतळावर यंत्राखाली चाके होती, बॅगेखाली नव्हती. यंत्र कोणाच्या डोक्यावर देता येत नव्हते, म्हणून त्याला चाके लावणे भाग होते. बॅग मात्र हमालाच्या डोक्यावर देता येत होती, आणि तशी ती वर्षानुवर्षे दिली जात होती. त्या दिवशी बॅगा खुद्द बॅग कंपनीच्या उपाध्यक्षांच्या हातात होत्या. ओझे मालकाच्या हाताला लागले, तेव्हा चाक आठवले! सॅडो यांच्या आधीही काहींनी असे प्रयत्न केले होते, हे मान्य. तरीसुद्धा हजारो वर्षांचे जुने चाक प्रवाशाच्या पेटीखाली यायला एवढा उशीर का झाला, याचे निदान अर्धे उत्तर इथे आहे असे मला वाटते.

चाक माहीत नव्हते, असे तर कोणी म्हणू शकणार नाही. आपल्याच महाराष्ट्रात, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत, पण अनेक अभ्यासक त्या साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. त्यांतला गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत. ज्या मातीत ब्राँझच्या गेंड्याला त्या काळी चाके मिळाली, त्याच मातीत धान्याचे पोते आजही माणसाच्या पाठीवरून गाळ्यात जाते.

तिकडे मेक्सिकोत याहून चमत्कारिक गोष्ट आढळते. युरोपीय लोक तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीची, चाके लावलेली मातीची लहान जनावरे तिथे मिळाली आहेत. चाक होते, पण गाडी नव्हती. माल वाहत होते ते 'त्लामेमे' म्हणून ओळखले जाणारे भारवाहक. कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर ओझे नेणारी माणसे. ओढायला बैल-घोडे नव्हते आणि वाटा डोंगराळ होत्या, हे कारण सांगितले जाते व ते खरेच आहे. पण हातगाडीला बैल लागत नाही. जनावरे नव्हती हे जितके खरे, तितकेच पाठी भरपूर होत्या हेही खरे असावे.

यावर कोणी म्हणेल, "अरे, पण चाक आले तर हमालाचे पोट कसे भरायचे?" हा प्रश्न खोटा नाही. रेल्वे स्टेशनवरच्या लाल सदऱ्यातल्या हमालाला विचारा. चाकांची बॅग घेऊन शेजारून खडखडत जाणारा प्रवासी त्याला काय वाटतो ते कळेल. २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात कुलींना 'सहायक' असे नवे नाव मिळाले. नाव बदलले म्हणून बॅगांची चाके काही निघाली नाहीत.

मी हाच प्रश्न दिवाळीच्या सुट्टीत अण्णांना विचारला. मला वाटले होते, ते चाकाच्या विरुद्ध बोलतील. ते म्हणाले, "ओझं हलकं झालेलं कुणाला नगं? पण गाडी कुणाची, ते बघावं लागतंय." मग त्यांनी हिशेब समजावला. हमाली पोत्यामागे मिळते आणि टोळीत सारखी वाटली जाते. गाडी व्यापाऱ्याने आणली, तर तो म्हणतो, गाडी माझी, मग चार माणसे कशाला, दोन पुरेत. आणि दरही कमी करा. एका गाळ्यावर तसे घडलेही होते. पण तीच गाडी टोळीने वर्गणी काढून घेतली, तर पोती तितकीच, पैसे तितकेच आणि माणसेही चारच राहतात. फरक एवढाच की, संध्याकाळी त्यांची कंबर धड असते.

अर्थशास्त्राच्या तासाला यंत्र आणि रोजगार यावर मी बरेच लिहून घेतले होते. पण प्रश्न इतका उघडा मला तिथे दिसला नव्हता. चाक हवे की नको, हा वादच मुळी चुकीच्या जागी सुरू होतो. चाकाने वाचवलेले श्रम कोणाच्या पदरात पडतात, यावर वाद व्हायला हवा.

आपल्या राज्याने या दिशेने पाऊल टाकलेले नाही असे नाही. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला; त्याने नोंदणी आणि मंडळे आली. पुण्याची हमाल पंचायत आणि डॉ. बाबा आढाव यांनी हमालांचा प्रश्न समाजापुढे लावून धरला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच अशी शिफारस केली होती की, एका पुरुष कामगाराला ५५ किलोंपेक्षा जास्त वजन हाताने वाहावे लागत असेल, तर ते शक्य तितक्या लवकर कमी करावे. अण्णांनी उमेदीत क्विंटलची, म्हणजे १०० किलोंची पोती वाहिली आहेत. आता बहुतेक पोती ५० किलोंची येतात. वजन निम्म्यावर येऊ शकते, तर चाके का येऊ शकत नाहीत? मात्र ती माथाडी मंडळाच्या आणि टोळीच्या संमतीने यावीत, दर न पाडता यावीत.

आणखी एक. चाक एकटे कधी येत नाही. त्याला सपाट वाट लागते, पायरीच्या जागी उतार लागतो, थांबवायला ब्रेक लागतो. वखारीला तीन पायऱ्या ठेवून हमालाला गाडी देणे म्हणजे स्टँडवरच्या खडीत माझी बॅग ओढण्यासारखेच आहे.

हे सारे बाजारपेठेचे झाले. आपल्या महाविद्यालयाचे काय? मित्रहो, ग्रंथालयाच्या मोजणीच्या वेळी पोलादी कपाटे हलवताना तुम्ही पाहिले असेल. स्नेहसंमेलनाला ध्वनिक्षेपकाची खोकी, व्यासपीठाचे चौरंग आणि टेबले सभागृहाच्या पायऱ्या चढतात. ही सगळी आपोआप चढत नाहीत. आपले शिपाईमामा ती चढवतात, आणि त्यांतले दोघे आता निवृत्तीला आले आहेत. आपण मात्र टाळ्या वाजवायला खुर्चीत येऊन बसतो. मीही बसलो आहे.

माझी सूचना साधी आहे. जड कपाटांखाली चांगली मोठी चाके बसवावीत, त्यांतल्या दोहोंना ब्रेक असावेत आणि सभागृहाच्या पायऱ्यांवर टाकायला एक भक्कम फळी करून घ्यावी. कोणत्या कपाटाला आधी चाके हवीत, हे प्राचार्यांनी किंवा आम्हा विद्यार्थ्यांनी ठरवू नये. ते शिपाईमामांना विचारावे. खडी कुठे आहे, हे त्यांना ठाऊक असते.

(द्वितीय वर्ष, कला)