शिक्षण सेवकाची तीन वर्षे कोणाच्या कामाची?

नरडाणा हे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. सुरत-भुसावळ मार्गावर स्टेशन, शेजारी एमआयडीसी. आपल्या वस्तीत संध्याकाळी आम्ही अभ्यासिका चालवतो. दहावीच्या एका मुलाने आम्हाला इंग्रजी निबंध घडाघडा म्हणून दाखवला. आम्ही इंग्रजीत विचारले, वडील काय करतात? तो गप्प. मग विचारले, ‘तुना बाप काय करस?’ लगेच उत्तर आले, ‘कंपनीमा जास.’

हा मुलगा ढ नाही. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहा वर्षे इंग्रजी शिकून त्याच्या हाती पाठ केलेला एक निबंध आला. दोष कोणाचा?

‘यांच्या घरी कोणी इंग्रजी बोलत नाही, आम्ही काय करणार?’ हे उत्तर आम्ही शाळाशाळांत ऐकतो. पण ज्याच्या घरी इंग्रजी आहे, तो कच्च्या शिक्षकाच्या हाताखालीही तरून जातो. ज्याच्या घरी अहिराणी किंवा भिली आहे, त्याच्यासाठी शिक्षक हाच एकमेव आधार. तयार शिक्षकाची सर्वांत जास्त गरज आपल्याच पोरांना आहे.

आणि नवा शिक्षक कसा तयार होतो? २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्यात किमान २० आठवडे शाळेत काम करायचे आहे. कागदावर हे चांगले आहे. प्रत्यक्षात अनेकांचे ते आठवडे टाचणवह्या भरण्यात आणि सह्या गोळा करण्यात जातात. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलते कसे करायचे, अहिराणीतून इंग्रजीकडे कसे न्यायचे, हे त्याला कोणी दाखवत नाही. मग तो एक ओळ वाचतो, मराठीत अर्थ सांगतो आणि प्रश्नोत्तरे फळ्यावर उतरवून देतो. कारण तो स्वतः असाच शिकला.

नोकरी लागली की तीन वर्षे तो शिक्षण सेवक. २०२३ पासून माध्यमिकला मानधन १८ हजार रुपये. या तीन वर्षांत त्याने शिकावे अशी व्यवस्था कुठे आहे? तास पूर्ण, वर निवडणूक, सर्वेक्षण आणि ऑनलाइन माहिती भरणे. नवखा म्हणून पगार कमी द्यायचा आणि काम मात्र जुन्याइतके घ्यायचे, ही स्वस्त मजुरी आहे.

सावित्रीमाईंनी अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी शिक्षक प्रशिक्षित हवेत, ते शेतकरी समाजातून यावेत आणि त्यांना पुरेसा पगार मिळावा, अशी मागणी केली. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांची बाजू मांडली ती इंग्रजीत. इंग्रजी ही आपल्यासाठी सत्तेच्या दारात उभे राहून बोलण्याची भाषा आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिल्या वर्षी नव्या शिक्षकाचे तास कमी करा आणि त्याला एका अनुभवी शिक्षकाची सोबत द्या. दोघांनी आठवड्यातून एकदा एकमेकांचा तास बघावा. बी.एड.ची शालेय कामे ग्रामीण आणि आदिवासी भागातल्या शाळांत खरोखर करून घ्या. दहावीचे अंतर्गत २० गुण मुलाला बोलते करूनच द्या, घरबसल्या नव्हे. आणि मानधनाच्या नावाखालची पिळवणूक थांबवा.

आपणही फक्त शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या मोर्चावर थांबू नये. ते मोर्चे हवेतच. पण शिक्षक-पालक संघाच्या बैठकीला आपल्यातले किती जण जातात? पुढच्या बैठकीला जा. एकच प्रश्न विचारा : या वर्षी आमचे मूल इंग्रजीत किती वाक्ये स्वतःच्या मनाने बोलले? नव्या शिक्षकाला धारेवर धरू नका, त्याच्या बाजूने उभे राहा. तो अनेकदा आपल्याच घरातला असतो.

शिका हा पहिला आदेश आहे. शिकवणाऱ्याला शिकवल्याशिवाय तो पुरा होणार नाही.

जय भीम!