विश्लेषण : पंचवीस माणसे, आठ महिने आणि परतीची वाट बंद... अंटार्क्टिकातील भारतीय तळांचे नेतृत्व इतके अवघड का?

अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ या भारतीय तळाला पर्याय म्हणून ‘मैत्री-२’ उभारण्याची तयारी सुरू आहे. जानेवारी २०२९ पर्यंत नवा तळ कार्यान्वित करण्याचे उद्दिष्ट पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने ठेवले आहे. इमारत कशी असेल, खर्च किती येईल याची चर्चा होते आहे. मात्र त्या इमारतीत हिवाळा काढणाऱ्या माणसांना एकत्र ठेवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्या तळप्रमुखाविषयी फारसे बोलले जात नाही. दक्षिण आफ्रिकेच्या तळावर २०२५ मध्ये घडलेल्या प्रकारानंतर तरी ते बोलले जायला हवे.

हिवाळी तुकडी म्हणजे काय?

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे पोहोचली. ती उन्हाळी मोहीम होती. तिथे हिवाळा काढण्याची वेळ १९८४ मध्ये आली. ‘दक्षिण गंगोत्री’ तळावर लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा यांच्या नेतृत्वाखाली १२ जणांची तुकडी मागे राहिली. पुढे १९८९ मध्ये ‘मैत्री’ आणि २०१२ मध्ये ‘भारती’ हे तळ उभे राहिले. दोन्हींमध्ये सुमारे तीन हजार किलोमीटरचे अंतर आहे, त्यामुळे अडचणीत एकाने दुसऱ्याच्या मदतीला धावण्याचा प्रश्नच येत नाही.

उन्हाळी सदस्य चार महिन्यांत परततात. हिवाळी सदस्यांचा मुक्काम वर्षाहून अधिक असतो. प्रत्येक तळावर साधारण २३ ते २५ माणसे. मार्चमध्ये जहाज निघून गेले की नोव्हेंबरपर्यंत कोणी येत नाही, कोणी जात नाही. ‘मैत्री’वर मेअखेरपासून जवळपास दोन महिने सूर्य उगवत नाही. शेजारच्या नोवोलाझारेव्हस्काया या तेव्हाच्या सोव्हिएत तळावर १९६१ मध्ये डॉ. लिओनिद रोगोझोव्ह यांनी स्वतःच्याच अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली होती. कारण साधे होते. तळावर दुसरा डॉक्टर नव्हता आणि येऊही शकत नव्हता. आज साधने सुधारली, पण हिवाळ्यातील एकटेपणा तसाच आहे.

तळप्रमुखाकडे अधिकार किती?

कागदावर बरेच, प्रत्यक्षात थोडे. तुकडीत हवामान विभाग, भूवैज्ञानिक सर्वेक्षण, भूचुंबकत्व संस्था, लष्कर अशा वेगवेगळ्या ठिकाणची माणसे असतात. सोबत डॉक्टर, स्वयंपाकी, मेकॅनिक. तळप्रमुखही यांच्यापैकीच एका संस्थेतून आलेला असतो. तो कधी शास्त्रज्ञ असतो, कधी लष्करी अधिकारी, तर कधी डॉक्टर. सहकाऱ्यांचा पगार आणि बढती त्यांच्या मूळ कार्यालयाच्या हाती. कारखान्यातला फोरमन न ऐकणाऱ्याला घरी पाठवू शकतो. इथे ते शक्य नाही. ज्याच्याशी सकाळी वाद झाला, त्याच्यासोबतच रात्री त्याच टेबलावर जेवायचे असते.

कायद्याची बाजू आता स्पष्ट झाली आहे. अंटार्क्टिका करारानुसार देवाणघेवाणीत दुसऱ्या देशाच्या तळावर गेलेले शास्त्रज्ञसुद्धा स्वतःच्या देशाच्या कायद्याखाली राहतात. भारताने २०२२ मध्ये ‘भारतीय अंटार्क्टिका कायदा’ केला. भारतीय मोहिमेतील व्यक्तीने तिथे केलेल्या गुन्ह्याचा खटला भारतातील नियुक्त सत्र न्यायालयात चालवण्याची सोय त्यात आहे. पण न्यायालय भारतात आणि आरोपी, फिर्यादी, साक्षीदार एकाच छताखाली आणखी सहा महिने, ही अडचण कायद्याने सुटत नाही. ब्रिटिशांनी आपल्या तळप्रमुखांना दंडाधिकारी म्हणून शपथ देण्याची पद्धत ठेवली. अमेरिकेच्या मॅकमर्डो तळाचा व्यवस्थापक ‘विशेष डेप्युटी मार्शल’ असतो. तरीही या अधिकारांचा वापर करण्याची वेळ आली, तर नेतृत्व आधीच हरलेले असते.

दक्षिण आफ्रिकेच्या तळावर काय घडले?

‘मैत्री’ ज्या क्वीन मॉड लँड भागात आहे, त्याच भागात दक्षिण आफ्रिकेचा ‘साने-४’ हा तळ आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील छोट्या तुकडीतील एका सदस्याने तळप्रमुखावरच हल्ला केल्याचा आरोप झाला. तुकडीतील एकाने मदतीची याचना करणारा ईमेल पाठवला, तो मार्चमध्ये वृत्तपत्रात छापून आला आणि प्रकरण जगभर गेले. पुढचे जहाज डिसेंबरमध्ये येणार होते.

वादाचे मूळ काय होते? त्या देशाच्या पर्यावरणमंत्र्यांनी दिलेल्या माहितीनुसार, हवामानावर अवलंबून असलेले एक काम तळप्रमुखाला करून घ्यायचे होते आणि त्यासाठी वेळापत्रक बदलावे लागणार होते. म्हणजे ठिणगी पडली ती कामाच्या वेळापत्रकावरून. सगळ्या सदस्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या जाण्यापूर्वीच झाल्या होत्या आणि त्यांत काहीही आक्षेपार्ह आढळले नव्हते. संबंधित सदस्याने नंतर लेखी माफी मागितली. तुकडीशी दूरवरून समुपदेशन सुरू ठेवून हिवाळा पार पाडण्यात आला.

चाचण्या पुरेशा का ठरत नाहीत?

भारतीय सदस्यांची वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये होते. त्यानंतर उत्तराखंडातील औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या देखरेखीखाली बर्फात राहण्याचे प्रशिक्षण होते. औलीतले ते दिवस महत्त्वाचे, कारण सगळी तुकडी तिथे पहिल्यांदा एकत्र राहते.

पण चाचणी जाण्यापूर्वीचा माणूस तपासते. तिथे सहा महिने काढलेला माणूस वेगळा असतो. झोप बिघडते, चिडचिड वाढते, विसराळूपणा येतो. अमेरिकी तळांवर हिवाळा काढलेल्यांच्या एका अभ्यासात सुमारे पाच टक्के सदस्यांमध्ये मानसिक विकाराचे निदान व्हावे इतकी लक्षणे आढळली. पंचवीस जणांच्या तुकडीत हे प्रमाण एका माणसाचे होते. तो एक कोण, हे आधी सांगता येत नाही. मुक्कामाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे निम्मा काळ संपून शेवट दूर असताना मनोबल सर्वात खाली जाते, असा एक सिद्धान्त १९९१ पासून मांडला जातो. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तो टिकलेला नाही.

दक्षिण ध्रुवावरील अमेरिकी तुकड्यांचा अभ्यास लॉरेन्स पालिंकास आणि मानववंशशास्त्रज्ञ जेफ्री जॉन्सन यांनी केला. त्यांचा निष्कर्ष अधिक उपयोगी आहे. तुकडीत कंपू पडले की ताण, राग आणि नैराश्य वाढते. मध्यभागी एक घट्ट गट आणि त्याला जोडलेली बाकीची माणसे अशी रचना असेल, तर हिवाळा बरा जातो. वातावरण हलके ठेवणारा, सगळ्यांना हसवणारा एखादा सदस्य तुकडीसाठी मोलाचा असतो, हेही जॉन्सन यांनी नोंदवले. शासकीय निवड प्रक्रियेत अशा गुणाला गुण कसे द्यायचे, हा प्रश्नच आहे.

कंपू कुठे पडतात? बहुतेकदा शास्त्रज्ञ विरुद्ध तंत्रज्ञ. एकाला वाटते आपण संशोधनासाठी आलो, दुसऱ्याला वाटते जनरेटर बंद पडला तर यांचे संशोधन कुठे राहील? दुसऱ्याचे म्हणणे अधिक खरे आहे.

कोल्हापूरचा संबंध काय?

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र आहे. सुमारे ८० ते १०० किलोमीटर उंचीवरील वारे मोजणारा रडार तिथे बसवण्यात आला. नवीन पनवेल येथे मुख्यालय असलेली हीच संस्था पहिल्या मोहिमेपासून अंटार्क्टिकात सहभागी आहे आणि ‘मैत्री’वर तिची भूचुंबकीय वेधशाळा चालते.

पण कोल्हापूरच्या वाचकाला अधिक जवळची वाट दुसरी आहे. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र दोन्ही तळांसाठी वाहन मेकॅनिक, जनरेटर मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सुतार, स्वयंपाकी अशी पदे कंत्राटी पद्धतीने भरते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत ज्या हातांना कामाची सवय आहे, नेमके तेच हात तिथे लागतात. डिझेल इंजिनाची भाषा समजणारा माणूस उणे ३० अंशांत तळप्रमुखाइतकाच महत्त्वाचा ठरतो. तो कंत्राटावर आणि बाकीचे कायम नोकरीत, ही दरी मिटवण्याचे कामही तळप्रमुखाकडेच येते. स्वयंपाकघरातील आणि साफसफाईच्या पाळ्या सगळ्यांना सारख्या लागतात का, यावर त्याची पहिली परीक्षा होते.

चूक झाली तर किंमत काय, याचे उदाहरण भारताच्याच इतिहासात आहे. नवव्या मोहिमेत, जानेवारी १९९० मध्ये, तळापासून दूर पर्वतीय भागात तंबूत कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊन चार सदस्यांचा मृत्यू झाला.

पुढचे प्रश्न कोणते?

नागपूरच्या डॉ. अदिती पंत आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता १९८३-८४ मध्ये अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये ‘भारती’वर ४०३ दिवस राहिल्या, तेव्हा २३ जणांच्या तुकडीत त्या एकट्याच महिला होत्या. अमेरिकी मोहिमांबाबत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात निम्म्याहून अधिक महिलांनी छळाचा अनुभव नोंदवला. तक्रार ऐकणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो एकाच ताटात जेवणारा असेल, तर तळाबाहेरील यंत्रणा लागते. इंटरनेटमुळे ती शक्य झाली आहे. त्याच इंटरनेटमुळे जेवणानंतर गप्पांऐवजी जो तो मोबाइल घेऊन खोलीत जाऊ लागला, ही त्याची दुसरी बाजू.

ऑस्ट्रेलिया तळप्रमुखाच्या पदासाठी उघड जाहिरात देतो. ध्रुवीय अनुभवाची अट नसते, उमेदवारांना अनेक दिवस एकत्र ठेवून पारखले जाते. भारतात सहभागी संस्थांकडून आलेल्या नावांतूनच निवड होते आणि दरवर्षी नवा तळप्रमुख जवळपास कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो. दरम्यान, उत्तरेकडील स्वालबार्डमधील ‘हिमाद्री’ तळावरही डिसेंबर २०२३ पासून हिवाळी मोहिमा सुरू झाल्या आहेत. पहिल्या तुकडीत चारच जण होते, त्यांतील एक पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा. चौघांत कंपू पडायला दोन वाद पुरतात.