व्हायलिन कोणी वाजवलं?

ब्रिटनी स्पिअर्सचं ‘टॉक्सिक’ २००४ साली जगभर वाजलं आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीही मिळालं. त्यातली ती किंचाळत वर चढणारी व्हायलिनं ‘एक दुजे के लिए’मधल्या (१९८१) ‘तेरे मेरे बीच में’ची. स्वीडनच्या ब्लडशाय आणि अव्हान्त या जोडीने गाण्यातले तुकडे कापले, मधलं गाळलं आणि सांधा असा बसवला की मूळ गाणं तोंडपाठ असलेलेही चकले. कापाकापी म्हणून काम अव्वल आहे. आपल्या धंद्यातल्या माणसाने ते मान्य करायलाच हवं.

संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आवाज लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे. एवढी नावं कोणीही सांगेल. व्हायलिन कोणी वाजवलं? रेकॉर्डच्या वेष्टनावर सेक्शनमधल्या वादकांची नावं छापायची रीतच नव्हती. या संगीतकारांच्या ताफ्यात व्हायलिनवाल्यांच्या रांगाच्या रांगा बसत, आणि मुंबईच्या अशा रांगांमध्ये गोवेकरांचा मोठा भरणा असे. खुद्द प्यारेलाल व्हायलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. त्या पिढीतलं हे एक नाव घरोघरी पोचलं, तेही १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त ते अमिताभच्या तोंडी आलं म्हणून. हे एका खऱ्या व्हायलिनवादकाचं नाव आहे, हे थिएटरात शिट्ट्या मारणाऱ्यांना कुठून कळणार!

जुन्या गाण्यातून सॅम्पल काढणारा म्युझिक पीसकडेच का वळायचा, हे तुम्हाला सांगायला नको. त्या काळी बहुतेकदा सगळा मेळ एकत्र वाजायचा, गाणारा केबिनमध्ये, मिक्स तिथल्या तिथे. एकदा टेपवर गेलं की ढोलक एकीकडे आणि आवाज एकीकडे करायची सोय नाही. म्हणून गाणं थांबून वाद्यं उघडी पडतात, ती दोन-चार मात्रांची जागा हुडकायची. म्हणजे उचललं जायचं ते चालीपेक्षा संगीत संयोजकाचं आणि वादकांचं काम: गजाचा दाब, हॉलचा घुमारा, माइक किती लांब होता ते. नुसती चालच हवी असती, तर स्टॉकहोममध्ये काय व्हायलिनवादक नव्हते? पण चाल करणाऱ्याचं नाव कागदावर आहे, आणि ज्यांचा हात ऐकू येतो त्यांचं नाही.

लतादीदींच्या आवाजाचंही सॅम्पल झालं. २००२ साली ट्रुथ हर्ट्‌स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’साठी डीजे क्विकने ‘ज्योती’मधलं (१९८१) ‘थोडा रेशम लगता है’ आवाजासकट खाली अंथरलं. त्या गाण्याचे संगीतकार बप्पी लाहिरी कोर्टात गेले आणि २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांचं नाव छापल्याशिवाय ती सीडी विकायला मनाई केली. कोट्यवधींच्या दाव्यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. मनाई झाली ती नावावरून, हे मात्र फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे या दोन्ही गाण्यांची मुद्रणं २०४१ अखेरपर्यंत बांधलेली. मुद्रण मोकळं झालं तरी चाल आणि शब्द मोकळे होत नाहीत, त्यांची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. (‘जुनं आहे, चालतंय’ म्हणणाऱ्या मित्रांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) वादकाचा कलावंत म्हणून हक्क आपल्या कायद्यात आला १९९४ च्या दुरुस्तीने. १९८१ साली वाजवणारा दिवसाचे पैसे मोजून घेऊन लोकल पकडायचा. त्यापलीकडे मागायला त्याच्या हाती काहीच नव्हतं.

आता मिक्समधून आवाज, ड्रम, बास सोडवून देणारी सॉफ्टवेअरं प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आहेत. उघडी जागा शोधायची गरज उरली नाही. कुठल्याही मात्रेवर बोट ठेवा आणि हवं ते वाद्य काढा. तरीही परवा एका नावाजलेल्या स्टुडिओतून आमच्याकडे परीक्षणासाठी स्टेम आले, त्यांत फाइलींची नावं होती ‘स्ट्रिंग्ज फायनल’, ‘स्ट्रिंग्ज फायनल २’ आणि ‘बासरी नवीन’. बासरी कोणाची, ते फोन करून विचारलं. सेशन होऊन तीन आठवडे झाले होते. रेकॉर्डिस्ट म्हणाला, “को-ऑर्डिनेटरला विचारून सांगतो.” अजून सांगतोय.

या अंकाच्या शेवटच्या पानावर सेशन-शीटचा एक कोरा नमुना छापला आहे. तारीख, स्टुडिओ, माइक हे रकाने तुम्ही एरवीही भरता. त्याखाली वादकांसाठी सोळा ओळी सोडल्या आहेत: पूर्ण नाव, वाद्य, कितवा टेक ठेवला, आणि वादकाची सही. मोठा सेक्शन असेल तर दुसरं पान जोडा. वादक केस बंद करून दाराकडे निघण्याआधी सही घ्या. एकदा तो लिफ्टमध्ये शिरला की पुढचं काम को-ऑर्डिनेटरवर जातं.