एका थाळातलं फाइन डायनिंग

फाइन डायनिंग म्हणजे मंद दिवे, काटे-चमचे आणि प्रत्येकाची वेगळी प्लेट, असा आपला समज. मुंबईतल्या एका छोट्या, फारशा चर्चेत नसलेल्या बोहरी रेस्टॉरंटात आम्ही वेगवेगळ्या जातीधर्मांचे ८ मित्र एकाच थाळाभोवती बसलो. आधी हात धुतले, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं, मग मिठास आणि खारास आळीपाळीने येत गेलं. आपल्या समोरचंच खायचं, दाणाही टाकायचा नाही. हा शिष्टाचार कुठल्याही पंचतारांकित हॉटेलाच्या तोडीचा आहे. मुसलमानांचं खाणं म्हणजे बिर्याणी आणि रमजानची खाऊगल्ली, एवढंच मानणाऱ्यांनी एकदा असं जेवावं. सहभोजनासाठी चळवळी कराव्या लागलेल्या महाराष्ट्रात एका थाळात हात घालायला अजूनही अनेकजण बिचकतात. त्या रात्री आमच्यातलं कुणी बिचकलं नाही.