आवाजाची मर्सिडीज

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहात एक वाद रंगला. एका मित्राने नवा हेडफोन आणला होता. किंमत सांगून तो म्हणाला, "ही हेडफोनमधली मर्सिडीज आहे!" लगेच दुसऱ्याने आपल्या स्पीकरला बीएमडब्ल्यू ठरविले, तिसऱ्याने आणखी एका कंपनीला मारुतीच्या पंगतीत बसविले. मग सगळे माझ्याकडे वळले. "तुझ्या चुलत्यांचा मांडव-स्पीकरचा धंदा आहे ना? त्यांच्याकडे कोणती कंपनी?" मी म्हणालो, "आहुजा." "म्हणजे लुना!" कोणीतरी म्हणाले आणि सगळी खोली हसली. मीही हसलो. रात्री मात्र त्या हसण्याची लाज वाटली. त्या लाजेतूनच हे चार शब्द लिहीत आहे.

ही तुलना अगदीच खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. धंद्याच्या बाजूने ती चांगली जुळते. फोक्सवॅगनच्या एकाच घरात स्कोडा, ऑडी, पोर्शे आणि बेंटली नांदतात. तसेच हर्मनच्या घरात जेबीएल, इन्फिनिटी, हर्मन कार्डन आणि मार्क लेव्हिन्सन नांदतात. आणि ते सगळे घरच 2017 साली सॅमसंगने विकत घेतले. घर एक, पण प्रत्येक खिशासाठी पाटी वेगळी! आता तर दोन्ही धंद्यांत सोयरीकही झाली आहे. मर्सिडीजच्या महागड्या गाड्यांत बर्मेस्टरचे स्पीकर बसतात, बीएमडब्ल्यूत हर्मन कार्डनचे. मर्सिडीजचा कारखाना चाकणला आहे आणि हर्मनचाही. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी मुले चाकणला कामाला जातात. ज्या नावांसाठी आपण भांडतो, त्यांचे नट-बोल्ट कदाचित आपल्याच गावचा कोणी आवळत असेल.

पण मला प्रश्न पडतो तो वेगळा. आवाजाला मोटारीचे नाव लागतेच कशाला? माझ्या मते त्याचे कारण साधे आहे. मोटार दिसते, आवाज दिसत नाही. गाडीतून उतरणारा माणूस चार लोकांच्या नजरेत भरतो. पण कानात काय वाजते आहे ते दुसऱ्याला कसे कळणार? म्हणून मग मोटारीची पाटी उसनी आणायची आणि कानावर लावायची. यात मोजमाप आवाजाचे होत नाही, मालकाचे होते.

आता लुनाविषयी. किनेटिक इंजिनियरिंगची लुना 1972 साली बाजारात आली, आणि ती आली आपल्या नगरच्या कारखान्यातून. ज्याला मोटार काय, स्कूटरही परवडत नव्हती, त्याच्या दारात तिने पहिल्यांदा इंजिन आणले. माझे वडील जुन्या लुनावर दुधाच्या किटल्या लावून डेअरीत जात. त्या दुधावर आमच्या घरातला पहिला मुलगा कॉलेजात आला. 2024 साली लुना विजेवर चालणारी होऊन पुन्हा बाजारात आली. तेव्हा आहुजाला कोणी लुना म्हटले, तर तो मी आता गौरवच समजतो.

आहुजा ही दिल्लीची कंपनी 1940 सालची. सभेचा, देवळाचा, शाळेचा आवाज लांब पोचविणे हे तिचे काम. चुलत्यांकडे तिचा जुना ॲम्प्लिफायर आणि चार भोंगे आहेत. भोंग्यातून ढोलकीचा घुमारा नीट येत नाही, हे मला मान्य आहे. पण थोड्या विजेवर माणसाचा शब्द लांबवर नेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. सप्ताहात कीर्तन सुरू झाले की काका यंत्रापाशी बसत नाहीत. ते मांडवाच्या अगदी शेवटी, लेकुरवाळ्या बाया बसतात तेथे जाऊन उभे राहतात, ऐकतात, आणि परत येऊन बटण किंचित फिरवितात. "शेवटच्या म्हातारीला बुवांचा शब्द कळला पाहिजे," एवढेच त्यांचे शास्त्र.

उलट, मित्राच्या त्या हेडफोनवर मी भीमसेनजींचे गाणे ऐकले, तेव्हा मागचा तानपुरा आणि गायकाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. भोंग्यावर तो जन्मात ऐकू आला नसता. त्या कामासाठी ते यंत्र उत्तमच! मुद्दा कामाचा आहे. दुधाला लुना, उसाला ट्रक, लांबच्या प्रवासाला मोटार, हे आपल्याला कळते; मग आवाजाच्या बाबतीतच आपण एकच शिडी का लावतो?

त्या शिडीवर सध्या सर्वात वर बसला आहे डीजे. तेथे भाषा फक्त वॅटची. एका विज्ञानाच्या मित्राने मला हिशेब समजावला. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. मोटारीचेही तसेच. भरधाव गाडीचा वेग दुप्पट करायचा, तर वाऱ्याशी झुंजायलाच आठपट ताकद लागते. म्हणजे पैसा डोंगराएवढा आणि फायदा मुठीएवढा. शिवाय रस्ता खराब असेल तर मर्सिडीजही गचके खाते. पत्र्याच्या, घुमणाऱ्या सभागृहात भारी स्पीकर लावणे म्हणजे नांगरलेल्या रानात मोटार घालणे होय.

हे मी अनुभवाने सांगतो. गेल्या स्नेहसंमेलनात मोठ्या वॅटचा सेट आला होता. गाण्यांना छाती हादरली. पण एकांकिकेतल्या आईचा शेवटचा संवाद मागच्या बाकांवर कोणालाच कळला नाही. ती भूमिका करणाऱ्या मुलीने दोन महिने तालीम केली होती. म्हणून संमेलन समितीला माझी नम्र सूचना आहे: यंदा सेट ठरविण्यापूर्वी एकाने रंगमंचावरून पुस्तकाचे एक पान वाचावे, दुसऱ्याने शेवटच्या बाकावर बसून ऐकावे. शब्द कळला तर सेट घ्यावा. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

घरी माझा चुलतभाऊ तो जुना आहुजा विकून, कर्ज काढून डीजे घ्यावा म्हणतो आहे. गावात आता भोंग्याला कोणी विचारीत नाही, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. दिवाळीत गेल्यावर मी त्याला वॅटचा हिशेब सांगणार आहे. तो ऐकेल की नाही, सांगता येत नाही. पण यापुढे वसतिगृहात कोणी विचारले, तर मी न हसता सांगेन, "आमच्याकडे आहुजा आहे."

— एस. वाय. बी. ए. मधील एक विद्यार्थी